समोर कुणी स्पेल टाकला तर एनपीसी काय करेल? डीएमने हे ठरवायचं कसं

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा खेळ. डीएम (डंजन मास्टर) तो चालवतो, एनपीसी म्हणजे प्लेअरची नसलेली, डीएमने चालवायची पात्रं, स्पेल म्हणजे जादूचा मंत्र आणि कास्ट करणं म्हणजे तो टाकणं. प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी डी अँड डी पाचव्या एडिशनचा नवा डीएम आहे. आमचा बार्ड (जादू करणारा गायक) दुकानदाराशी भाव करता करता चार्म पर्सन (समोरच्याला आपण मित्र वाटू असा स्पेल) टाकतो, क्लेरिक (देवाच्या जादूचा पुजारी) मागे उभा राहून दर वेळी गायडन्स (आपल्या माणसाच्या रोलला मदत करणारा स्पेल) टाकतो. दुकानदार बिथरला असं मी म्हटलं की प्लेअर म्हणतात, त्याला कसं कळणार, साधा माणूस आहे तो. गार्ड बोलावले तर म्हणतात तू मुद्दाम करतोयस. नियम नक्की काय आहे आणि एनपीसीने रिॲक्ट कसं करायचं?"

आधी उत्तर सांगते, मग फोड करते. दुकानदाराला कळतं. कुठला स्पेल टाकला ते कळत नाही, पण समोरच्याने आपल्यासमोर काहीतरी जादू केली एवढं नक्की कळतं. त्यावर तो पुढे काय करेल हे कुठलंच पुस्तक सांगत नाही, ते त्या माणसावर आहे, त्याने काय पाहिलं, काय ऐकलं आणि आजवर जादूने त्याचं काय भलंबुरं केलंय त्यावर. तुमच्याकडे भांडण होतंय कारण तीन वेगळे प्रश्न तुम्ही एकातच कोंबताय: दिसलं का, ओळखलं का, आणि त्याला त्याचं काय वाटलं. हे तीन सुटे केलेस की अर्धा गुंता तिथेच सुटतो.

पहिला प्रश्न, दिसलं का. इथे नियम स्वच्छ आहेत. २०१७ च्या झॅनाथार्स गाइडमध्ये (नियमांच्या पुरवणी पुस्तकात) दिलंय की स्पेलला व्हर्बल (मंत्र म्हणणं), सोमॅटिक (हातवारे) किंवा मटेरियल (लागणारी वस्तू) यातला एक जरी कंपोनंट असेल तर कास्टिंग आजूबाजूच्यांच्या लक्षात येऊ शकतं, आणि कंपोनंटची गरजच काढून टाकली असेल, म्हणजे सॉर्सररची (जन्मजात जादूगाराची) सटल स्पेल ही न बोलता, हात न हलवता कास्ट करायची खुबी किंवा काही मॉन्स्टर्सची जन्मजात कास्टिंग, तर कुणालाच पत्ता लागत नाही. चार्म पर्सनला व्हर्बल आणि सोमॅटिक दोन्ही आहेत, गायडन्सलाही दोन्ही. म्हणजे तुझा बार्ड काउंटरसमोर उभा राहून चालू बोलणं मध्येच तोडतो, भलत्याच सुरात काहीतरी म्हणतो आणि बोटं फिरवतो, आणि मागे क्लेरिकचंही तेच चालू. हे न दिसायला दुकानदार आंधळा-बहिरा असावा लागेल. "साधा माणूस आहे" हा मुद्दा इथे लागूच होत नाही.

मग प्लेअर म्हणतात "मी हळूच पुटपुटतो". हे प्रत्येक टेबलवर येतं. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये (मूळ नियमपुस्तकात) व्हर्बल कंपोनंटबद्दल जे दिलंय ते त्यांना वाचून दाखव: शब्दांत स्वतःची ताकद नसते, आवाजांची ठरावीक जुळणी ठरावीक पट्टीत आणि घुमाऱ्यात म्हटली की जादू हलते. पट्टी आणि घुमारा आला की कुजबुज संपली. किती लांब ऐकू जातं याचा आकडा स्पेलच्या नियमात दिलेला नाही, म्हणून मी माझ्याकडे साधं ठेवते, नेहमीच्या बोलण्याइतका आवाज. शांत खोलीत सगळ्यांना ऐकू येईल, भरलेल्या खानावळीत शेजारच्या बाकापर्यंत, आणि घण पडत असलेल्या लोहाराच्या दुकानात फक्त अगदी चिकटून उभा असेल त्याला. हातवारे मात्र जो तुझ्याकडे बघतोय त्यालाच दिसणार. भाव करताना दुकानदार बघत असतो, हे विसरू नकोस.

यातच सजेशनचा, म्हणजे समोरच्याला आपली सूचना पाळायला लावणाऱ्या स्पेलचा, वाद येतो. या स्पेलला सोमॅटिक नाही, फक्त व्हर्बल आणि मटेरियल, २०१४ च्या नियमांत सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा नाहीतर गोड तेलाचा थेंब. म्हणून प्लेअरला वाटतं की आपण बोलता बोलता सूचना केली की झाला स्पेल, कुणाला काय कळणार. सेज ॲडव्हाइसमध्ये, म्हणजे नियमांच्या अधिकृत खुलाशांत, हे मिटवलंय, व्हर्बल कंपोनंट वेगळा, तो आधी येतो, सूचनेचं वाक्य त्याच्यानंतर. म्हणजे "तू आम्हाला आत सोडलंस तर बरं" याच्या आधी मंत्र येणारच, आणि तो गार्डला ऐकू येणारच.

दुसरा प्रश्न, ओळखलं का. कास्ट होतानाच ओळखायचं तर झॅनाथारमध्ये रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीवर लगेच करायची कृती) वापरून इंटेलिजन्सचा आर्केना (जादूचं ज्ञान) चेक आहे, म्हणजे वीस बाजूंचा फासा अधिक बोनस, आणि डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ अधिक स्पेलची लेव्हल. चार्म पर्सन पहिल्या लेव्हलचा, म्हणजे डीसी १६. आता गणित बघ. सामान्य माणसाचं इंटेलिजन्स १०, बोनस शून्य, म्हणजे त्याला १६ किंवा वर पडायला हवं, २५ टक्के. इंटेलिजन्स १६ आणि आर्केना शिकलेल्या खालच्या लेव्हलच्या विझर्डला (अभ्यासाने जादू शिकलेल्याला) अधिक ५, म्हणजे ५० टक्के, आणि कास्टर विझर्ड म्हणूनच स्पेल टाकत असेल तर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) मिळून ७५. पण तुमचा कास्टर बार्ड आहे, तो बार्डचा स्पेल म्हणून टाकतोय, त्यामुळे विझर्डला तो ॲडव्हांटेज नाही. मला ते २५ टक्के पटत नाहीत. आयुष्यात एकदाही चार्म न पाहिलेला तेली चारातल्या एका वेळी स्पेल अचूक ओळखेल हे काही खरं वाटत नाही, म्हणून माझ्याकडे ज्याला आर्केना येतं त्यालाच रोल, बाकीच्यांना नाही. हा माझा घरचा नियम आहे, पुस्तकातला नाही, आणि प्लेअरना तो पहिल्या दिवशी माहीत असतो.

पण खरी गोम पुढे आहे. न ओळखल्याने प्लेअरचा फायदा होतो असं सगळे धरून चालतात, आणि होतं बरेचदा उलटं. तुमच्या उंबऱ्यापाशी कुणी अनोळखी उभा राहून काहीतरी पुटपुटत हातवारे करायला लागला तर मंत्र कुठला हे कळायची गरज नसते, घरातलं माणूस पोरांना आधी आत ओढतं. ज्याला ओळखता येतं तो म्हणेल, अरे गायडन्स आहे, स्वतःच्याच माणसाला मदत करतोय, चालू दे. ज्याला ओळखता येत नाही त्याच्यासाठी गायडन्स आणि फायरबॉल दोन्ही सुरुवातीला सारखेच दिसतात. म्हणून क्लेरिकने मागे उभं राहून टाकलेला निरुपद्रवी कँट्रिपसुद्धा (हवा तितक्या वेळा टाकता येणारा लहान स्पेल) बोलणी बिघडवू शकतो. तू मुद्दाम करतोयस असा त्यात काही भाग नाही, दुकानदाराजवळ त्या क्षणी जेवढी माहिती आहे तेवढ्यावर तो वागतोय.

यात अजून एक फाटा आहे तो वेगळा धर: ज्याच्यावर स्पेल टाकला त्याला तो लागल्याचं कळतं का. प्लेअर्स हँडबुक म्हणतं की स्पेलचा परिणाम जाणवण्यासारखा नसेल तर टार्गेटला कळेलच असं नाही, स्पेलमध्येच वेगळं दिलं असेल तर गोष्ट निराळी. म्हणून प्रत्येक स्पेल स्वतः वाचायचा, इथे आळस नको. चार्म पर्सन संपला, तासाभराने, की त्याला पक्कं कळतं की याने मला चार्म केलं होतं. २०१४ चा फ्रेंड्स (बोलणी सोपी करणारा कँट्रिप) संपला की माणूस थेट हॉस्टाइल (विरोधी) होतो, आणि तो टिकतो जेमतेम एक मिनिट. वर त्याचा मटेरियल कंपोनंट म्हणजे कास्ट करताना तोंडाला लावायची रंगरंगोटी, म्हणजे बोलणी चालू असताना समोरचा गालाला काहीतरी फासतोय हे दिसतंच. २०२४ च्या सुधारित नियमांतल्या फ्रेंड्समध्ये हॉस्टाइलचा भाग काढलाय, आता विझडम सेव्ह (स्पेल टाळण्याचा रोल) आहे आणि संपल्यावर टार्गेटला कळतं की आपल्याला चार्म केलं होतं. डिटेक्ट थॉट्सने वरवरचे विचार वाचले तर पत्ता लागत नाही, खोल खणायला गेलात की लगेच लागतो. झोन ऑफ ट्रुथमध्ये (खोटं बोलू न देणाऱ्या स्पेलमध्ये) अडकलेल्याला स्पेल आहे हे कळतं, म्हणून तो खोटं बोलण्याऐवजी गप्प बसू शकतो. सजेशन याबाबत काहीच म्हणत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच तो या सगळ्यात जास्त घातक आहे, माणूस दोन दिवसांनी विचार करत बसतो की मी तसं का केलं.

आणि सेव्ह पास झाला तर? पाचव्या एडिशनमध्ये याला नेमकं उत्तर नाही, सर्वसाधारण नियम लावला तर टार्गेटला "काहीतरी लागता लागता राहिलं" असं कळत नाही, फक्त समोरच्याने कास्टिंग केलं ते दिसलेलं असतं. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या एडिशनने चार्ममध्ये हे फार छान सोडवलंय. टार्गेटचा सेव्ह साधा पास झाला तर त्याला वाटतं की काहीतरी निरुपद्रवी जादू झाली असेल, स्पेल ओळखला तर वेगळं, आणि क्रिटिकल सक्सेस (दणदणीत पास) झाला तर त्याला सरळ कळतं की हा मला चार्म करायला बघत होता. मी हे पाचव्या एडिशनमध्ये उचललंय, सेव्ह पाच किंवा जास्तने पास झाला तर हेतू कळला, नाहीतर फक्त संशय. दुकानदाराचा संशय खेळायला फार मजेचा असतो, कारण बोलणी तुटत नाहीत, ताणली जातात.

आता तिसरा प्रश्न, त्याला काय वाटलं. खरं डीएमपण इथे आहे आणि नवे डीएम नेमका हाच भाग एका झटक्यात उरकतात, जादू दिसली की "गार्ड!". मी प्रत्येक महत्त्वाच्या एनपीसीसाठी तीन गोष्टी ठरवून ठेवते, ओळ-दोन ओळींत. याने शेवटची जादू कधी पाहिली आणि तेव्हा काय झालं. इथे याच्या जबाबदारीवर काय आहे, गल्ला, पोरं, वेशीचा दरवाजा, मालकाची अब्रू. आणि कास्टर त्याला कोण वाटतो, गळ्यात होली सिम्बॉल दिसणारा देवाचा माणूस, का कातडी झग्यातला कुणी अनोळखी. तिसरी गोष्ट तर प्लेअरच्याही हातात असते. होली सिम्बॉल हातात धरून म्हटलेला गायडन्स प्रार्थनेसारखा दिसतो, तोच कोपऱ्यातल्या अनोळखी माणसाने म्हटला तर शाप वाटतो.

एक उदाहरण जवळून सांगते. माझ्या एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) सरहद्दीवरचं एक लहान गाव होतं, मागच्या हिवाळ्यात लुटारूंबरोबर आलेल्या कुणा कास्टरने तिथली गोदामं जाळली होती. पार्टी तिथे दिव्याचं तेल घ्यायला गेली. दुकानात म्हातारी एकटी, मापाने तेल ओततेय, आणि क्लेरिकने बार्डच्या खांद्यावर हात ठेवून गायडन्स म्हटला. मी रोल मागितला नाही, एवढंच सांगितलं: तिचा हात थांबतो, माप भरून तेल वाहायला लागतं आणि तिचं तिकडे लक्ष नाही, ती तुमच्या हातांकडे बघतेय. मग ती हसते आणि म्हणते, "घ्या, घ्या, पैशाचं राहू द्या." प्लेअर खूश, तेल फुकट मिळालं. बाहेर पडल्यावर मागे आडणा लागल्याचा आवाज आला, आणि संध्याकाळपर्यंत गावात कुणी त्यांना रात्रीपुरता गोठासुद्धा देईना. परस्वेशन (मन वळवण्याचा) रोल कितीही चांगला पडला असता तरी फरक पडला नसता, कारण म्हातारी पटलेली नव्हतीच, ती घाबरलेली होती. हे लक्षात आल्यावर क्लेरिकचा प्लेअर आपणहून परत गेला, होली सिम्बॉल दाराबाहेर काढून ठेवला आणि तेलाचे पैसे उंबऱ्यावर मोजले, आणि तिथून त्या गावाची खरी गोष्ट सुरू झाली.

यातून एक गोष्ट घे: दुबळा माणूस हल्ला करत नाही. कॉमनरच्या (सामान्य माणसाच्या) आकड्यांकडे बघ, ४ हिट पॉइंट (किती मार सोसेल), आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १०. खालच्या लेव्हलचा फायर बोल्ट (आगीचा झोत) लागला तर १डी१०, म्हणजे दहा बाजूंच्या एका फाशाइतकं डॅमेज, चार किंवा जास्त पडायची शक्यता ७० टक्के, म्हणजे जवळजवळ खेळ खलास, आणि तोही स्पेल स्लॉट (स्पेलचा मोजका साठा) न घालवता. हे आकडे गावकऱ्यांना माहीत नसतात पण आकड्यांमागचं सत्य त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. तो मान डोलावेल, खोटं हसेल, हवं ते देईल, एक पाऊल मागे घेईल, लेकरू उचलेल, आणि तुम्ही गेल्यावर सांगायचं त्याला सांगेल. फ्रेंड्समध्ये "हॉस्टाइल" म्हटलंय त्याचा अर्थही तलवार उपसणं असा घेऊ नकोस, डंजन मास्टर्स गाइडमध्ये हॉस्टाइल म्हणजे तुमच्या विरोधात असलेला माणूस, तो खोटा पत्ता सांगेल, गिल्डकडे तक्रार करेल, भाव दुप्पट करेल. हे परिणाम उशिरा येतात म्हणून जास्त चांगले. चार्म तासाभराने उतरला आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराने पाठ फिरवली, हे प्लेअर कधी विसरत नाहीत.

गार्डचं वेगळं. ११ हिट पॉइंट, आर्मर क्लास १६, हातात भाला, आणि पळून जाणं हे त्याच्या नोकरीत बसत नाही. जादू माहीत असलेल्या शहरातल्या गार्डला कास्टरला कसं रोखायचं ते शिकवलेलंच असणार: हात दिसतील असे ठेव, तोंड बंद, कंपोनंट पाउच आणि फोकस (कास्ट करायला लागणाऱ्या वस्तू) जमिनीवर. तोंडात बोळा आणि हात बांधले की बहुतेक स्पेल संपतात, हे नियमांतूनच निघतं. म्हणून गार्ड आले म्हणजे लढाई झाली असं समजू नकोस, आधी हुकूम येऊ दे, प्लेअरला उत्तर द्यायला वाव दे.

मात्र भाले रोखलेले आहेत, सगळे ताणलेले आहेत, आणि तेवढ्यात कुणी म्हणालं "मी चार्म टाकतो", तर तिथेच इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी हे ठरवायचा रोल) घे, स्पेल फुकटात आधी लागू देऊ नकोस. हेतू जाहीर झाला की सगळ्यांनी रोल करायचा, गार्ड आधी आला तर त्याला कास्टरचा हात वर जाताना दिसला, कास्टर आधी आला तर स्पेल त्याचा. प्लेअरना हे न्याय्य वाटतं, कारण उद्या एनपीसी कास्टर त्यांच्यासमोर हात उचलेल तेव्हा त्यांनाही हाच हक्क मिळणार असतो. काउंटरस्पेलसुद्धा (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा स्पेल) याच पायावर उभा आहे, ६० फुटांत कुणी कास्ट करताना दिसलं तरच तो टाकता येतो. पार्टीच्या विझर्डला शत्रूचं कास्टिंग दिसतं तर दुकानदाराला पार्टीचं का नाही दिसणार, हा प्रश्न तुझ्या प्लेअरना विचार.

जग कुठलं आहे त्यावर खूप ठरतं. एबेरॉन या डी अँड डीच्या जगातल्या शार्नसारख्या शहरात जादूचे कंदील रस्त्यावर, निरोप पाठवायला हाऊस सिव्हिस, प्रवासाला लाइटनिंग रेल, तिथे पुटपुटणाऱ्या माणसाकडे कुणी दचकून बघणार नाही. पण म्हणून चार्म सोपा होतो असं नाही, उलट तिथल्या दुकानदाराला चार्म म्हणजे काय हे ठाऊक असतं, तो घाबरणार नाही, चिडेल आणि कुठे तक्रार करायची तेही त्याला माहीत असेल. फरगॉटन रेल्म्स या दुसऱ्या जगातल्या वॉटरडीप शहराच्या कायद्यात तर लॉर्ड किंवा अधिकाऱ्यावर त्याच्या संमतीशिवाय जादूने प्रभाव टाकणं हा वेगळा गुन्हाच आहे. त्याच जगातल्या कॉर्मिर राज्यात वॉर विझर्ड्सची (राज्याच्या जादूगारांची) नजर असते. ॲमन देशातल्या अथकाटला शहरात काउल्ड विझर्ड्स या जादूगारांच्या संघटनेच्या परवान्याशिवाय आर्केन (देवाकडून न आलेली) जादू चालत नाही, २००० सालच्या बाल्डर्स गेट २ या व्हिडिओ गेममध्ये तो परवाना ५,००० सोन्याच्या नाण्यांना मिळतो, पण क्लेरिकच्या जादूला ते अडवत नाहीत. आता तिथला रस्त्यावरचा माणूस आर्केन आणि देवाची जादू यातला फरक कसा ओळखणार? नाहीच ओळखणार, म्हणून तिथला शहाणा क्लेरिक होली सिम्बॉल छातीवर मिरवेल आणि शहाणा विझर्ड पुजाऱ्याचं सोंग घेईल. एवढ्या एका नियमातून दोन सेशन निघतात.

डार्क सन हे जग म्हणजे दुसरं टोक. अथास ग्रहावर आर्केन जादू झाडाझुडपांतला जीव ओढून घेते, डिफायलरने (पर्वा न करता जादू करणाऱ्याने) स्पेल टाकला की आजूबाजूचं गवत राख होतं, म्हणून लोक विझर्ड दिसला की दगड उचलतात. प्रिझर्व्हर काळजीने जादू करतो, पण गर्दीला तो फरक करायला वेळ नसतो. तिथे सायोनिक्स (मनाची शक्ती) मात्र घरोघरी, त्यामुळे विझर्ड आपला स्पेल सायोनिक ताकद म्हणून खपवायला बघतो. मला हे जग या विषयासाठी सगळ्यात शिकवणारं वाटतं, कारण तिथे लोकांच्या भीतीला सबळ कारण आहे. तुझ्या जगात लोक जादूला भीत असतील तर का भितात ते ठरव, आणि भीत नसतील तर का नाही तेही. "मध्ययुग आहे म्हणून भितात" हे पुरत नाही, जिथे गावचा पुजारी दर आठवड्याला जखमा भरून काढतो तिथे लोक जादूला भिणार नाहीत, भलत्या माणसाच्या जादूला भितील.

एकेका माणसाचं असं ठरवता येतं, गर्दीचं काय? बाजार भरलाय, पन्नास माणसं, मध्येच कुणीतरी थॉमटर्जी टाकून आवाज मोठा केला. तिथे मी जुनं हत्यार काढते, २डी६ चा, म्हणजे सहा बाजूंच्या दोन फाशांचा, रिॲक्शन रोल. डी अँड डी १९७४ साली आली तेव्हापासून हा रोल खेळात आहे, आणि १९८१ च्या बेसिक सेटमधला तक्ता अजून कामाला येतो: २ म्हणजे लगेच हल्ला, ३ ते ५ विरोधी, ६ ते ८ काय करावं कळत नाही, ९ ते ११ हल्ला नाही, निघून जातील किंवा बोलायला तयार, १२ म्हणजे उत्साहाने मैत्री. दोन फाशांमुळे बहुतेक निकाल मधे पडतात, आणि गर्दी खरंच तशीच असते, आधी गोंधळते आणि कुणाचं तरी तोंड बघते. जागेप्रमाणे एक-दोनची भर-वजाबाकी कर, शार्नमध्ये अधिक २, जळालेल्या गावात उणे २. रोल प्लेअरसमोर टाक, म्हणजे "तू मुद्दाम केलंस" हा सूर आपोआप बंद होतो.

लपवून कास्ट करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. सटल स्पेलसाठी सॉर्सरर एक सॉर्सरी पॉइंट खर्च करतो आणि त्याआधी मेटामॅजिकच्या (स्पेलमध्ये फेरफार करायच्या खुब्यांच्या) मोजक्या निवडींतली एक त्यावर घालवतो. बार्डला तू स्लाइट ऑफ हँडच्या (हातचलाखीच्या) एका रोलवर तेच फुकट दिलंस तर सॉर्सररच्या प्लेअरने पैसे देऊन घेतलेली वस्तू रस्त्यावर वाटल्यासारखं झालं. पण दार बंद करायचं नाही, मेहनत मागायची. गायडन्स मिनिटभर टिकतो, तर दुकानाबाहेर टाक आणि आत जाऊन पटकन बोल. चार्म पर्सनला ३० फूट रेंज आहे, तर समोरच्या गल्लीतून टाक, मित्राला दुकानदाराशी बोलत ठेव, शेजारी हातगाडी उलटव. मायनर इल्यूजनला व्हर्बलच नाही, फक्त सोमॅटिक आणि मटेरियल, तर झग्याखाली हात ठेवून करायला मी स्लाइट ऑफ हँड विरुद्ध पॅसिव्ह परसेप्शन (समोरच्याचं सहज लक्ष जाण्याचा आकडा) देते. पार्टी मिळून आडोसा तयार करते तेव्हा मी उदार असते, एकजण नुसतं "मी लपून टाकतो" म्हणाला तर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे नियमात नाही. परिणाम आधी सांग. बार्डचं कॅरेक्टर वर्षानुवर्षं जादू शिकलंय, त्याला माहीत आहे की मंत्र ऐकू जातो, हात दिसतात आणि चार्म उतरल्यावर माणसाला कळतं. प्लेअरला माहीत नसेल तर तो त्याचा दोष नाही, तो शनिवारी ऑफिसचं काम आटपून खेळायला आलाय. म्हणून फासा टाकायच्या आधी म्हण: "इथे म्हटलंस तर दुकानदाराला आणि दारातल्या दोघांना ऐकू जाईल, आणि या शहरात हे त्यांना आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी टाकतोस?" हो म्हणाला तर पुढे गार्ड आले तरी कुणी भांडत नाही, कारण निवड त्याची होती. तुमच्याकडे बहुतेक वाद हे वाक्य उशिरा आल्यामुळे होतायत, गार्डमुळे नाही.

पार्टीतल्या पार्टीतही हाच विचार लाव. पॅलाडिनसमोर (शपथेने बांधलेल्या योद्ध्यासमोर) बार्डने गरीब दुकानदाराला चार्म केलं तर पॅलाडिनला विचार, "तुला हे दिसलं, तुझ्या मनात काय येतं?" आणि थांब. एनपीसीच्या रिॲक्शनपेक्षा ही जास्त रंगते. पण एका प्लेअरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर चार्म किंवा सजेशन टाकायचा असेल तर दुसऱ्याचा खुला होकार असल्याशिवाय माझ्या टेबलवर फासा हलत नाही. टाशाच्या पुस्तकात, २०२० च्या नियमांच्या पुरवणीत, सेशन झिरोबद्दल (खेळ सुरू व्हायच्या आधीची बैठक) चांगला भाग आहे, तेव्हाच हे बोलून घ्यायचं. दुसऱ्याचं मन ताब्यात घेणं हा खेळात मोठा विषय आहे आणि काही लोकांना तो आवडत नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

तुझ्या चालू कॅम्पेनसाठी: मागचं उकरू नकोस. पुढच्या सेशनच्या सुरुवातीला पाच मिनिटं घे, कास्टिंग दिसतं-ऐकू येतं, ओळखायला आर्केना लागतं, आणि या शहरात लोक जादूला असं असं बघतात, हे तीन मुद्दे सांग. क्लेरिकला सांग की गायडन्स बंद नाही, बोलणी सुरू व्हायच्या आधी टाकायचा, नाहीतर समोरच्याला सरळ विचारायचं, "देवाचं नाव घेऊ का?" बऱ्याच दुकानदारांना तेच आवडेल. २०२४ चे नियम वापरत असाल तर त्याला कास्ट करताना एक स्किलही निवडावं लागतं, त्यामुळे सवयीने टाकणं तसंही कमी होतं. आणि बार्डने चार्म पर्सन घेतला तेव्हा तो चोरून वापरता येतो असं समजून घेतला असेल, तर तो स्पेल त्याला आत्ताच बदलून दे. लेव्हल वाढताना बार्डला एक स्पेल बदलता येतोच, तू फक्त तो हक्क थोडा आधी देतोयस. बदलायचा नाही म्हणाला तर ज्या दुकानदाराला त्याने आधी चार्म केलंय त्याच्याकडे पार्टीला परत जावं लागेल असं काम पुढच्या सेशनमध्ये ठेव, आणि दार उघडायच्या आधी दुकानदाराच्या त्या तीन ओळी लिहून तयार ठेव.